एका गाण्याचा बँड : 'कॉर्नरशॉप', 'ब्रिमफुल ऑफ आशा' आणि पार्श्वगायनाची परदेशी स्मृती

प्रस्तावना

'एका गाण्याने अमर झाला' हे मराठीत कौतुकाचे वाक्य आहे. एखाद्या गायकाचे किंवा शाहिराचे एकच गाणे लोकांच्या ओठी राहिले, तरी त्याचे जीवन सार्थकी लागले असे आपण मानतो. इंग्लंड-अमेरिकेच्या संगीतव्यवसायात मात्र याच गोष्टीला उणेपणाचा रंग आहे. विक्रीच्या साप्ताहिक क्रमवारीत एकदाच वर चढलेल्या आणि पुन्हा तेथे न पोचलेल्या कलावंतांची तेथे एक वेगळी जात मानली जाते. वर्तमानपत्रे त्यांच्या याद्या छापतात, त्या याद्यांत विनोद असतो आणि थोडी कीवही असते. अशा याद्यांत 'कॉर्नरशॉप' या ब्रिटिश रॉक बँडचे नाव वारंवार आढळते. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांचे 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे ब्रिटनच्या विक्रीक्रमवारीत पहिल्या स्थानी पोचले आणि एक आठवडा तेथे राहिले.

या गाण्यातील 'आशा' म्हणजे सांगली संस्थानातील गोर या गावी ८ सप्टेंबर १९३३ रोजी जन्मलेल्या, मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या कन्या आशा भोसले होत. ज्या बँडची ओळख एका गाण्यापुरती उरली, त्याचे ते एक गाणे हजारो गाणी गायलेल्या एका मराठी गायिकेविषयी असावे, हा योगायोग लक्षणीय आहे. मराठीत आशाबाईंविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यांच्या आवाजाने दूरच्या देशांतील कारखान्यांच्या वस्त्यांत काय घडवले, याचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला. प्रस्तुत लेखात 'कॉर्नरशॉप'च्या वाटचालीचा आढावा घेऊन, 'एका गाण्याचा बँड' हा शिक्का इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे तपासले आहे.

वुल्व्हरहॅम्प्टन ते लेस्टर

बँडचा संस्थापक, गीतकार आणि गायक तजिंदर सिंग याचा जन्म फेब्रुवारी १९६८ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे एका पंजाबी शीख कुटुंबात झाला. स्थळ आणि काळ दोन्ही लक्षात घेण्याजोगे आहेत. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २० एप्रिल १९६८ रोजी, इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅम येथे स्थलांतरितांविरुद्धचे आपले कुप्रसिद्ध भाषण केले. पॉवेल ज्या मतदारसंघाचा प्रतिनिधी होता तो वुल्व्हरहॅम्प्टनचाच नैर्ऋत्य भाग. त्याच शहरात त्या वर्षी नगरपालिकेच्या बससेवेतील शीख चालक-वाहकांनी पगडी घालावी की नाही यावरून तीव्र संघर्ष चालू होता. बंदी उठण्यास १९६९ चा एप्रिल उजाडावा लागला. पगडीचा प्रश्न आपल्याकडे धर्माचा वाटतो. तेथे तो नोकरीचा, पगाराचा आणि रस्त्यावरून ताठ मानेने चालण्याचा होता.

अशा वातावरणात वाढलेला हा तरुण प्रेस्टन येथील लँकेशायर पॉलिटेक्निकमध्ये शिकण्यास गेला. तेथे त्याची कॅनडात जन्मलेल्या बेन एअर्सशी मैत्री झाली आणि दोघांनी 'जनरल हॅव्हॉक' नावाचा विद्यार्थ्यांचा बँड काढला. पुढे १९९१ मध्ये लेस्टर येथे तजिंदर, त्याचा भाऊ अवतार सिंग, एअर्स आणि ड्रमवादक डेव्हिड चेंबर्स यांनी 'कॉर्नरशॉप'ची स्थापना केली. एअर्स गिटार आणि की-बोर्ड यांबरोबर तंबोराही वाजवीत असे. नंतरच्या काळात अँथनी सॅफरी याची सतारही त्यात आली.

लेस्टरची पार्श्वभूमीही येथे विसरता येत नाही. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्या शहरी येऊ नका' असे कळवले होते. लोक आलेच. पुढच्या दोन दशकांत या शहराचे रस्ते, दुकाने, सण आणि आकाशवाणी सारे बदलले. ज्या शहराने दार लावून घेतले होते, त्याच शहरात एका बँडने आपले नाव दुकानावरून घ्यावे, यात इतिहासाचा काव्यगत न्याय आहे.

नावातील उपरोध

कोपऱ्यावरचे किराणा दुकान आणि त्याच्या गल्ल्यामागे बसलेला भारतीय किंवा पाकिस्तानी दुकानदार, ही ब्रिटिश समाजमनातील आशियाई माणसाची ठोकळेबाज प्रतिमा होती. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांनी ती घट्ट केली. तजिंदर व त्याच्या सहकाऱ्यांनी हे हिणवण्याचे नाव स्वतःच धारण केले. जो शब्द दुसऱ्याने तुच्छतेने फेकला तो उचलून कपाळी लावण्याची ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. आपल्या दलित साहित्याने ती फार आधी आणि फार मोठी किंमत देऊन अवलंबिली होती.

येथे एक तुलना उद्‌बोधक ठरेल. ब्रिटिश रॉक संगीतातील सर्वांत विख्यात भारतीय वंशाचा गायक म्हणजे 'क्वीन' या बँडचा फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा. झांझिबारला जन्मलेल्या या पारशी मुलाचे शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि त्याचा पहिला बँडही त्या शाळेतच निघाला. इंग्लंडमध्ये गेल्यावर त्याने नाव बदलले आणि आपल्या मुळाविषयी तो फारसे बोलला नाही. १९७० च्या दशकातील इंग्लंडमध्ये बहुधा तोच मार्ग मोकळा होता. 'कॉर्नरशॉप'ने वीस वर्षांनी उलटी वाट धरली. नाव न लपवता ते पाटीवरच लिहून टाकले.

बँडची पहिली प्रसिद्धी संगीतापेक्षा निषेधामुळे झाली. १९९२ मध्ये मॉरिसी हा लोकप्रिय गायक लंडनच्या फिन्सबरी पार्कमधील कार्यक्रमात ब्रिटनचा राष्ट्रध्वज अंगाभोवती फिरवीत वावरला. त्याआधी त्याने बंगाली स्थलांतरिताला 'तू येथला नव्हेस' अशा सुरात उद्देशून एक गीत लिहिले होते, आणि 'नॅशनल फ्रंट' या वंशवादी पक्षाचे नाव शीर्षकात मिरवणारे दुसरे एक गीतही त्याच सुमारास प्रसिद्ध झाले होते. 'कॉर्नरशॉप'च्या तरुणांनी लंडनमध्ये ईएमआय कंपनीच्या कार्यालयासमोर त्याची छायाचित्रे जाळली. ज्यांचे नाव कोणी ऐकलेले नव्हते अशा पोरांनी देशाच्या लाडक्या गायकाला जाब विचारला, याची चर्चा संगीतपत्रांत झाली.

ईएमआय हे नाव भारतीय वाचकाला परके नाही. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या ध्वनिमुद्रिका मराठी घरांत येत, त्या काढणारी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत याच ईएमआयच्या ताब्यात होती. म्हणजे ज्या कंपनीच्या दारात ही होळी पेटली, तिच्याच भारतीय शाखेच्या तबकड्यांवरून आशाबाईंचा आवाज या मुलांच्या घरी पोचला होता. त्यांना त्या वेळी हे जाणवले असेल असे नाही. पण वसाहतीचे धागे असेच गुंतलेले असतात.

जानेवारी १९९३ मध्ये विजा या छोट्या कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली : 'इन द डेज ऑफ फोर्ड कॉर्टिना'. तबकडीचा रंग मुद्दाम आमटीसारखा पिवळट ठेवला होता, हाही उपरोधच. १९९४ चा पहिला संग्रह 'होल्ड ऑन इट हर्ट्स' कर्कश आणि खडबडीत होता. त्याकाळी वादनकौशल्य त्यांच्यापाशी बेताचेच होते, असे स्पष्ट म्हणावे लागते. तरीही 'टॉकिंग हेड्स' या गाजलेल्या बँडचे डेव्हिड बर्न यांना त्यात काही वेगळे ऐकू आले आणि त्यांनी आपल्या अमेरिकेतील 'लुआका बॉप' या कंपनीत बँडला स्थान दिले. १९९५ च्या 'वुमन्स गॉटा हॅव इट' या संग्रहातील 'सिक्स ए.एम. जुल्लंदर शेरे' हे गाणे पंजाबीत आहे. एकाच सुरावर रेंगाळत जाणारी त्याची लय गुरुद्वाऱ्यातील पहाटेची आठवण करून देते. रॉक संगीताच्या व्यासपीठावर पंजाबीतून, कोणतेही स्पष्टीकरण न देता गाणे, हे धाडस त्यांच्या यशाच्या दोन-तीन वर्षे आधीचे आहे.

गाण्यात काय आहे

सप्टेंबर १९९७ मध्ये 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' हा तिसरा संग्रह प्रसिद्ध झाला. सात जन्मांची कल्पना शीर्षकातच आहे. त्यात एप्रिल १९९७ मध्ये निधन पावलेले कवी ॲलन गिन्सबर्ग यांचा आवाज आहे आणि बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वूड'चे पंजाबी रूप आहे. १९६५ मध्ये जॉर्ज हॅरिसनने याच गाण्यात सतार वाजवून पाश्चात्त्य रॉकमध्ये भारतीय स्वराची चाहूल दिली होती. बत्तीस वर्षांनी पंजाब्याच्या मुलाने ते गाणे आपल्या आईच्या भाषेत परत आणले. याच संग्रहात 'ब्रिमफुल ऑफ आशा' आहे.

इंग्रजी 'ब्रिमफुल' म्हणजे काठोकाठ भरलेले. 'आशा' हे व्यक्तिनाम आहे आणि उमेद या अर्थाचा शब्दही आहे. इंग्रजी श्रोत्याला यातील श्लेष कळला नाही, भारतीय श्रोत्याला तो शीर्षकातच कळला. गाण्याचा विषय प्रेम नाही. चित्रपटगृहाच्या पडद्यामागून येणारा आवाज, त्या आवाजाच्या लहान तबकड्या आणि त्या ऐकणारी माणसे हा त्याचा विषय आहे. आशाबाईंबरोबर लता मंगेशकर आणि महंमद रफी यांची नावे त्यात येतात. पुढे फ्रेंच गायक जाक द्युत्राँ आणि जमैकन संगीत प्रसृत करणारी ट्रोजन कंपनी यांचाही उल्लेख होतो. म्हणजे एका कामगारवस्तीतील घरात ज्या ज्या तबकड्या असू शकत, त्यांची ही भक्तिभावाने केलेली नामावळी आहे. ध्रुपदात, थकलेल्या माणसाला डोके टेकायला मायेची जागा हवी, असा साधा भाव आहे.

'पंचेचाळीस' हा आकडा या गाण्यात मंत्रासारखा पुन्हा पुन्हा येतो. मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी हा त्याचा अर्थ. ती दीर्घ मुद्रिकेपेक्षा स्वस्त आणि सुटसुटीत होती. हिंदी चित्रपटांची चार-चार गाणी अशाच तबकड्यांवर भारतात विकली जात.

पार्श्वगायनाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला या गाण्याची खोली अधिक उमगते. पडद्यावर नटी दिसते आणि गाणारी पडद्याआड असते. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील लताबाईंच्या विख्यात गीताच्या तबकडीवर आरंभी गायिकेचे नाव नव्हते, 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले होते. फिल्मफेअरचे पुरस्कार १९५४ पासून दिले जात होते, पण त्यांत पार्श्वगायनाला जागा मिळण्यास दशकाची अखेर उजाडली. आशाबाईंच्या वाट्याला तर दीर्घकाळ उरलेली गाणी आली : खलनायिकेची, नर्तकीची, सहनायिकेची. १९४३ मध्ये मराठी 'माझं बाळ'पासून गाणे सुरू केलेल्या या गायिकेला नायिकेची सर्व गाणी देणारा 'नया दौर' १९५७ मध्ये मिळाला. लेस्टरच्या गीताने नायिकेला बाजूला सारून पडद्यामागच्या बाईला नायिका केले. भारतीय चित्रपटविषयक लेखनाला जे करायला बराच काळ लागला, ते एका परदेशी रॉक गीताने चार-पाच मिनिटांत केले.

गीताच्या दुसऱ्या भागात शासनाचा उल्लेख येतो. सरकारचे इशारे, साध्या राहणीचा प्रचार आणि बांधली जाणारी धरणे यांची पर्वा न करता गाणाऱ्या-नाचणाऱ्या लोकांचे चित्र तेथे आहे. इंग्रजी समीक्षकांनी या ओळींकडे फारसे पाहिले नाही. भारतीय इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे थांबले पाहिजे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना चित्रपटगीते हलकी आणि अभिरुची बिघडवणारी वाटत. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटसंगीत प्रथम आक्रसले आणि निर्मात्यांशी झालेल्या वादानंतर जवळजवळ नाहीसे झाले. श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. तेथे त्याच वर्षी अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. अखेर शासनाला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून माघार घ्यावी लागली. एका मराठी मंत्र्याने दार लावले आणि मराठी गायिकांचा आवाज समुद्रापलीकडच्या केंद्रावरून घरोघर पोचला. तजिंदर सिंगला केसकर हे नाव ठाऊक असो वा नसो, त्याच्या गीतात या संघर्षाचा प्रतिध्वनी आहे. आईवडिलांच्या पिढीच्या बोलण्यातून तो त्याच्यापर्यंत आला असणे शक्य आहे.

धरणांचा उल्लेख माढा तालुक्यातील वाचकाला अधिकच जवळचा वाटेल. भीमा नदीवरील उजनी धरण याच तालुक्यात उभे राहिले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाने वरच्या अंगाच्या करमाळा आणि इंदापूर या तालुक्यांतील गावे पोटात घेतली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी उतरले की आजही डोके वर काढते. या भागात ऊस आला, साखर कारखाने आले, समृद्धी आली. त्याचबरोबर घर-शिवार सोडून गेलेली माणसेही या इतिहासाचा भाग आहेत. धरण हे नेहरूकालीन भारताचे नव्या तीर्थासारखे प्रतीक होते. त्या प्रतीकासमोर चित्रपटगीताला मांडून, लोकांच्या मनात प्रत्यक्ष काय नांदत होते असा प्रश्न ते गाणे विचारते. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावी चहाच्या टपरीवर जो रेडिओ वाजत असे, त्याने त्या प्रश्नाचे उत्तर रोज दिले आहे. धरणाची बाजू या गीतात एकांगीपणे येते, हे मान्य केले पाहिजे. दुष्काळी मुलखातल्या माणसाला पाण्याविषयी इतके बेफिकीर राहता येत नाही.

साठाव्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर

ऑगस्ट १९९७ मध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' स्वतंत्रपणे विक्रीस आले तेव्हा ते क्रमवारीत साठाव्या स्थानापर्यंतच चढले. जाणकारांत मात्र त्याचा बोलबाला झाला. बीबीसीचे मान्यवर निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी वर्षअखेरीच्या गीतांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले. अर्थात, रसिकांचा कौल आणि विक्रीचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

नंतर नॉर्मन कुक यांनी या गाण्याचे रीमिक्स केले. 'हाऊसमार्टिन्स' या बँडचे हे माजी बासवादक 'फॅटबॉय स्लिम' या नावाने नृत्यसंगीतात प्रसिद्धीस येत होते. त्यांनी मूळ गाण्याची गती वाढवली, त्यामुळे सूरही चढला. त्याखाली ठसठशीत ठेका घातला. मूळ गाणे दुपारी माजघरात तबकडी लावून बसलेल्या माणसासारखे सैलावलेले आहे, तर नवे रूप नाचघरासाठी कसलेले आहे. याच रूपाने सेलिन डिऑनच्या 'टायटॅनिक'मधील गीताला खाली ओढून पहिले स्थान पटकावले. पुढच्याच आठवड्यात मॅडोनाच्या 'फ्रोझन'ने त्याची जागा घेतली.

येथे 'एका गाण्याचा बँड' या संज्ञेतील पहिली अडचण उघड होते. जे गाणे गाजले ते बँडने ज्या लयीत रचले त्या लयीतले नव्हते. आवाज त्यांचा, शब्द त्यांचे, पण जगाने जे ऐकले त्याचा वेग दुसऱ्याने ठरवलेला होता. लोकप्रियतेच्या क्षणी हा बँड जवळजवळ पार्श्वगायकाच्याच जागी जाऊन बसला. भारतात हाच प्रकार थोड्या वर्षांनी मोठ्या प्रमाणावर घडला. २००० नंतरच्या रीमिक्सच्या लाटेत जुन्या चित्रपटगीतांना नवे ठेके लावून ती विकली गेली आणि मूळ गायक-संगीतकारांची नावे पुन्हा एकदा मागे पडली. फरक एवढाच की कुक यांनी गाण्याविषयीच्या आवडीने हात घातला आणि मूळ बँडचे नाव पुसले नाही.

तीन वर्षे, तीन पहिले क्रमांक

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जानेवारी १९९६ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्याच जस मान याचा 'बॅबिलॉन झू' हा बँड 'स्पेसमन' या गाण्याने ब्रिटनमध्ये पहिला आला. जानेवारी १९९७ मध्ये राउरकेला येथे जन्मलेल्या ज्योती मिश्रा याने 'व्हाइट टाउन' या नावाने घरातच मुद्रित केलेले 'युअर वुमन' पहिले आले. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'कॉर्नरशॉप'. लागोपाठ तीन वर्षांत भारतीय वंशाच्या तीन कलावंतांनी ब्रिटनचे सर्वोच्च स्थान मिळवले आणि तिघांचीही गणना आज 'एका गाण्याच्या' यादीत होते.

याला केवळ योगायोग म्हणणे कठीण आहे. त्याचप्रमाणे केवळ वंशभेद म्हणून सोडून देणेही घाईचे ठरेल. 'स्पेसमन' जाहिरातीमुळे गाजले होते आणि त्या बँडची इतर गाणी तितकी सकस नव्हती. मिश्राला मोठ्या कंपनीच्या चाकोरीत रस नव्हता. त्या काळच्या क्रमवारीची घडणही क्षणभंगुर यशाला पोषक होती. प्रसिद्धीची सर्व ताकद पहिल्या आठवड्यात लावायची आणि गाणे एकदम वर फेकायचे, ही व्यवसायाची पद्धत झाली होती. तरीही एक निरीक्षण उरते. या कलावंतांचे यश संगीतपत्रांनी 'आशियाई लाट' म्हणून साजरे केले. तबलावादक तलविन सिंगचा 'अनोखा' हा संग्रह १९९७ चा, 'एशियन डब फाउंडेशन'चा उदयही त्याच काळातला. एकमेकांशी सुरांचे नाते नसलेली मंडळी एका पाटीखाली आली आणि ती पाटी जुनी झाली तेव्हा सारेच जुने झाले. इंग्रज गिटारवादकांच्या चार बँडांपैकी तीन अपयशी ठरले तर चौथ्याला कोणी 'इंग्रज लाट ओसरली' असे म्हणत नाही.

आशाबाईंचा आवाज ब्रिटिश संगीतात या आधीही आला होता, हे नोंदवणे आवश्यक आहे. १९८४ मध्ये 'वेस्ट इंडिया कंपनी' या गटाच्या 'आवे मारिया'त त्या गायल्या. १९९१ मध्ये बॉय जॉर्जच्या 'बो डाउन मिस्टर'मध्येही त्यांचा स्वर आहे. या दोन्ही मुद्रिकांत त्या प्रत्यक्ष हजर आहेत, पण त्यांचे काम स्वराला भारतीय रंग देण्याचे आहे. 'ब्रिमफुल ऑफ आशा'त त्यांचा एकही स्वर नाही, तरी सारे गाणे त्यांचे आहे. २००५ मध्ये क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन वाद्यचतुष्टयाबरोबर राहुल देव बर्मन यांच्या रचनांचा जो संग्रह त्यांनी केला आणि ज्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले, त्याला पाश्चात्त्य श्रोत्यांत जी ओळखीची भूमी मिळाली, ती तयार करण्यात या गीताचा वाटा नाकारता येणार नाही.

नंतरची वाटचाल

यशानंतर बँडकडून त्याच साच्याची आणखी गाणी अपेक्षित होती. ती त्यांनी दिली नाहीत. तजिंदर आणि एअर्स यांनी १९९९ मध्ये 'क्लिंटन' या वेगळ्या नावाने नृत्यसंगीताचा एक संग्रह काढला. ज्या क्षणी आपले नाव विकले जात होते त्या क्षणी त्यांनी ते नाव बाजूला ठेवले. व्यवसायाच्या दृष्टीने हा आत्मघात होता, आणि तो अजाणता झाला असे वाटत नाही. २००२ चा 'हँडक्रीम फॉर अ जनरेशन' समीक्षकांनी वाखाणला, पण विक्रीच्या शिखराजवळ गेला नाही.

त्यानंतर त्यांनी 'ॲम्पल प्ले' ही स्वतःची छोटी कंपनी काढली. २००९ मध्ये 'ज्यूडी सक्स अ लेमन फॉर ब्रेकफास्ट' प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये बबली कौर या गायिकेबरोबरचा 'कॉर्नरशॉप अँड द डबल ओ ग्रूव्ह ऑफ' आला. हा संग्रह पंजाबीत आहे. लोकगीताच्या चालीचा मोकळा आवाज आणि खाली नव्या धाटणीचा ठेका अशी त्याची रचना आहे, आणि बँडच्या एकूण कामात तो सर्वांत टिकाऊ ठरावा असे त्याचे मोल आहे. त्यात तजिंदरने गायिकेला पुढे करून स्वतः मागे राहणे पत्करले. २०१२ मध्ये 'अर्बन टर्बन' आणि २०१५ मध्ये पहिल्याच संग्रहाची गाणी सौम्य वाद्यवृंदाच्या शैलीत पुन्हा बांधणारा 'होल्ड ऑन इट्स इझी' निघाला. तरुणपणीचा आक्रोश वीस वर्षांनी हॉटेलात वाजणाऱ्या संगीतासारखा करून दाखवणे, हा त्यांच्या जुन्या उपरोधाचाच नवा प्रकार होता. ६ मार्च २०२० रोजी 'इंग्लंड इज अ गार्डन' प्रसिद्ध झाला आणि त्याचे चांगले स्वागत झाले. तीन आठवड्यांच्या आत ब्रिटन टाळेबंद झाले.

जवळपास तीन दशकांचे हे काम 'एका गाण्याच्या' यादीत मावत नाही. यादी विक्रीचा एक आठवडा मोजते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बस-आगारातली पगडी, ईएमआयच्या दारातली होळी, पंजाबी 'नॉर्वेजियन वूड' हे तिच्या रकान्यांत बसण्यासारखे नव्हतेच.

राहिलेली एक उणीव

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या गाण्यात एक मोठी पोकळी आहे. त्यातील आशा हिंदी चित्रपटातील आशा आहे. सुधीर फडके, श्रीनिवास खळे, हृदयनाथ मंगेशकर यांच्याकडे गाणारी, वडिलांची नाट्यपदे नव्याने म्हणणारी, भावगीत आणि लावणी सारख्याच अधिकाराने सादर करणारी मराठी आशा त्यात नाही. असणे शक्यही नव्हते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या पंजाबी घरात मराठी तबकडी पोचण्याचे कारण नव्हते. ब्रिटनमधील मराठी समाज संख्येने लहान. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे जुने असले, तरी कारखान्यांच्या शहरांतील वस्त्यांवर मराठीची छाप पडली नाही. पंजाबी भांगड्याला बर्मिंगहॅममध्ये जसे नवे घर मिळाले, तसे लावणीला लंडनमध्ये मिळाले नाही.

परिणामी, जगाने डोक्यावर घेतलेल्या आशाबाई या मराठी आहेत हे जगाला ठाऊक नाही, आणि जगाने त्यांना कोणत्या गाण्यातून डोक्यावर घेतले हे मराठी वाचकाला फारसे ठाऊक नाही. आशाबाईंवरील मराठी पुस्तकांत या गीताचा उल्लेख झाला तर तो बहुधा कौतुकाच्या एका वाक्यात उरकतो. परदेशातील एका बँडने आपल्या गायिकेचे नाव घेतले, एवढाच त्याचा आशय. त्या नावामागे पगडीसाठी झगडलेले बसचालक होते, रविवारी भाड्याच्या चित्रपटगृहात हिंदी चित्रपटाला जमणारी कुटुंबे होती आणि रात्रपाळीहून आलेला बाप व त्याची तबकडी ऐकत वाढलेला मुलगा होता, हे त्या वाक्यात येत नाही.